ढालीचें ओझें

कांहीं रोगांच्या नांवांतच पूर्वीच्या वैद्यांच्या मनांतील भीति सांठलेली असते. ल्युपस हें अशांपैकीं एक नांव होय. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावर उठणारे व्रण लांडग्यानें लचका तोडल्यासारखे दिसतात, म्हणून मध्ययुगीन युरोपांतील वैद्यांनीं हें नांव रूढ केलें आणि त्याखालीं अनेक निरनिराळे त्वचारोग एकत्र बांधले. आज ज्यास ल्युपस म्हणतात त्यांत शरीराचें रक्षण करणारी शक्तिच शरीरावर उलटते. पहाऱ्यावरील शिपायांनीं घरधन्यावरच शस्त्र धरावें, तसा प्रकार. या रोगाच्या दहा रोग्यांपैकीं नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांतील बहुतेक ऐन तारुण्यांतील, संसाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या. ताप येतो, सांधे धरतात, गालांवर व नाकावर फुलपांखराच्या आकाराची लाली उमटते. परंतु रोग्याचें भवितव्य पुष्कळदां ठरतें तें मूत्रपिंडांवर.

आतां प्रश्न असा कीं, एकीच्या मूत्रपिंडांस हा रोग शिवतहि नाहीं आणि दुसरीचीं मात्र थोड्याच वर्षांत निकामी होतात, असें कां व्हावें? प्रश्न वैद्यकाचा खरा. परंतु त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग इतिहासांत सांपडला आहे. तो शोधतांना विद्वानांस आफ्रिकेंतील एका माशीपर्यंत, गुलामांनीं भरलेल्या जहाजांपर्यंत आणि आमच्या विदर्भांतील एका शेतकऱ्यापर्यंत जावें लागलें. ती हकीकत सांगावी व तिच्यांतून निघणारा बोध वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम रोगाची ओळख कशी पटत गेली तें पाहूं. १८७२ मध्यें व्हिएन्ना येथील मोरित्झ कापोशी यानें हा विकार त्वचेपुरता मर्यादित नसून सर्व शरीरास ग्रासूं शकतो असें दाखविलें. १८९५ पासून विल्यम ऑस्लर यानें त्वचेवरील लालीबरोबर आंतील इंद्रियें, विशेषतः मूत्रपिंडें, बिघडल्याचीं उदाहरणें नोंदलीं. १९२२ मध्यें कीथ व राउंट्री यांनीं या रोगांतील मूत्रपिंडांच्या उपद्रवांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. १९३५ मध्यें न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांतील बेअर, क्लेंपरर व शिफ्रिन यांना मृत रोग्यांच्या मूत्रपिंडांत सूक्ष्म गाळण्यांच्या भिंती जाड व ताठ होऊन तारेच्या वेटोळ्यांसारख्या झालेल्या आढळल्या. पुढें १९४८ मध्यें मेयो क्लिनिकमधील हारग्रेव्ह्‌स व त्याचे सहकारी यांनीं ल्युपसच्या रोग्यांत आढळणारी एक विशिष्ट पेशी दाखविली, आणि तेथून या रोगाच्या निदानास प्रयोगशाळेचा आधार मिळाला.

रोग ओळखूं येऊं लागला, रोग्यांची मोजदाद होऊं लागली, तशी अमेरिकेंत एक गोष्ट डॉक्टरांच्या नजरेस येऊं लागली. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत ल्युपसचें प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या दुप्पट-तिप्पट दिसे. त्यांचीं मूत्रपिंडें अधिक वेळां बिघडत, आणि एकदां बिघडलीं म्हणजे अधिक वेगानें निकामी होत. याचें कारण काय, याविषयीं दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे कीं, हा दारिद्र्याचा, उशिरां मिळणाऱ्या औषधोपचाराचा आणि रुग्णालयाच्या दारांतच भेटणाऱ्या दुजाभावाचा परिणाम होय. दुसरा पक्ष म्हणे कीं, कृष्णवर्णी लोकांची शरीरप्रकृतिच तशी. पहिल्या पक्षाचें म्हणणें खरें होतें, पण पुरें नव्हतें. समान उपचार मिळालेल्या रोग्यांतहि अंतर सर्वस्वी मिटत नव्हतें. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें तर उत्तरच नव्हे. ‘प्रकृतिच तशी’ असें म्हणणें म्हणजे प्रश्नासच उत्तराचा पोषाख चढविणें होय.

या कोंडींतून वाट निघाली ती २००८ सालीं. अमेरिकेंतील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या रक्तांत आफ्रिकी व युरोपीय असे दोन्ही पूर्वज मिसळलेले असतात. ज्यांचीं मूत्रपिंडें ल्युपसनें किंवा मधुमेहानें नव्हे, तर इतर कारणांनीं बिघडलीं होतीं अशा रोग्यांच्या गुणसूत्रांचा कोणता तुकडा आफ्रिकेकडून अधिक वेळां आलेला आहे, असा शोध दोन संशोधक-गटांनीं घेतला. दोघांचेंहि बोट बाविसाव्या गुणसूत्रावरील एकाच जागेवर पडलें. तेथें एमवायएच-९ नांवाचें जनुक होतें, म्हणून प्रथम त्याच्यावरच संशय आला. परंतु त्या जनुकांत दोष म्हणून दाखवितां येईल असा बदल कांहीं सांपडेना. २०१० मध्यें बोस्टनच्या मार्टिन पोलॅक यांच्या गटानें ब्रसेल्सच्या एतिएन पेज यांच्या सहकार्यानें, आणि त्याच सुमारास इस्रायलमधील दुसऱ्या एका गटानें, खरा अपराधी शेजारच्या घरांत असल्याचें दाखविलें. त्या जनुकाचें नांव एपोएल-१. त्याचे दोन रूपभेद, जी-१ व जी-२, मूत्रपिंडांच्या विकाराशीं निगडित होते. ते पश्चिम आफ्रिकेंत व तेथून गेलेल्या लोकांच्या वंशजांत आढळत. निखळ युरोपीय वंशाच्या लोकांत ते जवळजवळ नव्हतेच. नायजेरियांतील योरुबा लोकांत तर एकट्या जी-१ चें प्रमाण शेंकडा ४० च्या आसपास होतें.

मूत्रपिंडांस घातक असा गुण इतक्या लोकांत टिकून कसा राहिला? निसर्ग घातक गुणांस सहसा इतका आश्रय देत नाहीं. याचें उत्तर मूत्रपिंडांत नव्हतेंच. तें रक्तांत होतें, आणि त्याचा एक धागा शंभर वर्षांपूर्वींच हातीं आलेला होता.

आफ्रिकेंत त्सेत्से नांवाची एक माशी आहे. तिच्या दंशाबरोबर ट्रिपॅनोसोम नांवाचे सूक्ष्म जंतु रक्तांत शिरतात. १८९० नंतरच्या दशकांत डेव्हिड ब्रूस यानें झुलुलँडमध्यें गुरांचा ‘नगाना’ रोग या जंतूंमुळें होतो असें सिद्ध केलें. माणसांतील निद्रारोगहि याच कुळांतील जंतूंचा. रोगी प्रथम तापानें क्षीण होतो, मग जंतु मेंदूंत उतरतात, दिवसाची झोंप व रात्रीचें जागरण असा उलटा क्रम सुरू होतो, आणि उपचार न झाल्यास बहुधा मृत्यु येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं एकट्या युगांडांत या रोगाच्या सांथीनें दोन लाखांहून अधिक माणसें गेलीं.

परंतु गुरांस मारणारे पुष्कळसे ट्रिपॅनोसोम माणसास बाधत नाहींत. १९०२ मध्यें फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हरां यानें दाखविलें कीं, माणसाच्या रक्ताचा निवळ जंतुग्रस्त उंदरास टोंचला असतां जंतु मरतात. निवळांतील हें मारक द्रव्य कोणतें, तें कळण्यास मात्र शंभर वर्षें लागलीं. २००३ मध्यें ठरलें कीं, एपोएल-१ या जनुकापासून बनणारें प्रथिनच तें द्रव्य होय. जंतु तें अन्नाबरोबर गिळतो. मग तें प्रथिन त्याच्या शरीरांतील पडद्यांस छिद्रें पाडतें, आणि जंतु फुगून फुटतो. जंतूंनींहि यावर तोड काढली. पूर्व आफ्रिकेंतील निद्रारोगाचा जंतु एक असें प्रथिन तयार करतो कीं, तें या मारक द्रव्यास मिठी मारून निष्प्रभ करतें. मग माणसाच्या बाजूनें पुढची चाल झाली ती जी-१ व जी-२ यांची. बदललेल्या प्रथिनावर, विशेषतः जी-२ वर, जंतूची ती मिठी नीट बसत नाहीं. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या युगांडा व गिनी येथील अभ्यासांत असें दिसलें कीं, जी-२ असलेल्यांस पूर्वेकडील निद्रारोगाची लागण फार कमी होते, आणि जी-१ असलेल्यांच्या शरीरांत पश्चिमेकडील जंतु शिरला तरी पुष्कळदां रोगाचीं लक्षणें उमटत नाहींत. हे रूपभेद म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्यांच्या मरणांतून मिळालेली ढालच होय.

येथें आमच्या प्रांताचा संबंध येतो. हिंदुस्थानांत त्सेत्से माशी नाहीं. परंतु ट्रिपॅनोसोमचें एक भावंड येथें पूर्वींपासून आहे. १८८० मध्यें डेरा इस्माइलखान येथें ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्यानें ‘सर्रा’ रोगानें मरणाऱ्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत तें प्रथम पाहिलें. रोग उत्पन्न करणारा ट्रिपॅनोसोम मनुष्याच्या नजरेस पडला तो पहिल्यानें तेथें. गुराढोरांस चावणाऱ्या मोठ्या माश्या तो पसरवितात. माणसास तो होत नाहीं, अशी समजूत होती. २००४ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यास पुनःपुन्हा चढउतार होणारा ताप येऊं लागला आणि त्याच्या रक्तांत हाच जनावरांचा जंतु सांपडला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं तो ओळखला, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत सुरामिन हें औषध मिळविलें, आणि रोगी बरा झाला. त्या गांवांतील अठराशेंहून अधिक लोकांची तपासणी झाली. कित्येकांचा त्या जंतूशीं संबंध आल्याच्या खुणा दिसल्या. परंतु जंतु रक्तांत जिवंत असलेला दुसरा मनुष्य मिळाला नाहीं. मग हा एकटाच कां बळी पडला? २००६ मध्यें ब्रसेल्सच्या संशोधकांनीं याचा उलगडा केला. त्या शेतकऱ्याच्या एपोएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतः मोडलेल्या होत्या, आणि त्याच्या रक्तांत तें प्रथिन मुळींच नव्हतें. तें बाहेरून मिसळतांच त्याच्या रक्तनिवळांत जंतु मारण्याची शक्ति परत आली.

या एका माणसानें, त्याच्या नकळत, शास्त्रास दोन गोष्टी शिकविल्या. माणसाचें या जंतूपासून रक्षण हेंच प्रथिन करतें, ही पहिली. दुसरी मूत्रपिंडांविषयींची. त्याच्या शरीरांत हें प्रथिन नसूनहि त्याचीं मूत्रपिंडें निरोगी होतीं, असें २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. म्हणजे मूत्रपिंडांस तें आवश्यक नाहीं. मग जी-१ व जी-२ यांच्यामुळें होणारी हानि कांहीं उणें पडल्यानें होत नसून, बदललेल्या प्रथिनाच्या विषारीपणानें होते, असें मानण्यास बळकट आधार मिळाला. तें प्रथिन जशीं जंतूच्या पडद्यास छिद्रें पाडतें, तसेंच कांहीं प्रसंगीं तें मूत्रपिंडांतील गाळणीवरच्या नाजूक पेशींसहि जाचूं लागतें. ढालीची धार आंतल्या बाजूस वळते ती अशी.

आतां ही ढाल अमेरिकेंत कशी पोंचली, तें सांगावयास हवें. १५०१ ते १८६६ या काळांत सुमारें सव्वा कोट आफ्रिकी माणसें गुलाम म्हणून जहाजांत कोंबण्यांत आलीं. त्यांपैकीं सुमारें एक कोट सात लाख जिवंत उतरलीं. उरलेलीं समुद्रांतच संपलीं. आज ज्यास संयुक्त संस्थानें म्हणतात त्या भूमीवर थेट उतरविलेल्यांची संख्या चार लाखांच्या आंतच होती. तेथील आफ्रिकी वंशाचा मोठा समाज बहुतांशीं त्यांचाच विस्तार होय. त्या लोकांपासून त्यांची भाषा, त्यांचीं नांवें, त्यांच्या देवता हिरावून घेतां आल्या. रक्तांतील ही खूण मात्र कोणास काढून घेतां आली नाहीं. परंतु जेथें ते उतरले तेथें त्सेत्से माशी नव्हती. शत्रु मागें राहिला, ढाल तेवढी बरोबर आली, आणि तिचें ओझें त्यांच्या लेकींनातींस वाहावें लागलें. आज आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांपैकीं शेंकडा सुमारें १३ जणांत या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष रूपांत असतात. एक सदोष प्रत असल्यानें मूत्रपिंडांस सहसा फारसा धोका पोंचत नाहीं. दोन्ही तशा असल्या म्हणजे धोका वाढतो.

ल्युपसशीं याचा संबंध २०१४ मध्यें प्रत्यक्ष पुराव्यानें जोडला गेला. ज्यांचीं मूत्रपिंडें ल्युपसमुळें कायमचीं निकामी झालीं असे आफ्रिकी वंशाचे अमेरिकन रोगी, आणि ल्युपस असूनहि ज्यांचीं मूत्रपिंडें शाबूत राहिलीं असे रोगी, यांची तुलना करण्यांत आली. दोन्ही सदोष प्रती असलेल्यांस हा शेवट गांठण्याचा संभव सुमारें अडीच पट अधिक होता. येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. हें जनुक ल्युपस उत्पन्न करीत नाहीं. आग दुसऱ्याच कारणानें लागते, हें जनुक तिच्यावर तेल ओततें. ल्युपसमध्यें इंटरफेरॉन नांवाचें संरक्षक द्रव्य शरीरांत वाजवीपेक्षां अधिक स्रवतें, आणि इंटरफेरॉनच्या इशाऱ्यानें पेशी एपोएल-१ चें उत्पादन वाढवितात. जंतूंशीं झुंजण्यासाठीं झालेली ही योजना. पण येथें जंतु नसतो, आणि वाढलेल्या प्रथिनाचा मारा मूत्रपिंडांच्या वांट्यास येतो.

ल्युपस उत्पन्न होण्यांतहि आनुवंशिकतेचा भाग आहेच, आणि तेथेंहि अशीच एक जुनी लढाई दिसते. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत रक्षक पेशींस आवर घालणाऱ्या एका जनुकाचा दुबळा रूपभेद तपासला गेला. हाँगकाँगच्या व युरोपीय वंशाच्या लोकांत त्या रूपभेदाच्या दोन प्रतींमुळें ल्युपसचा संभव वाढलेला दिसला. केनियांतील मुलांत मात्र त्याच दोन प्रती तीव्र हिवतापापासून रक्षण करतांना आढळल्या. सिकलसेलचें उदाहरण तर आमच्या विदर्भांतील व खानदेशांतील आदिवासी घरांस दुर्दैवानें परिचितच आहे. त्याची एक प्रत हिवतापापासून वांचविते, दोन प्रती जन्मभर छळतात. हा संबंध ॲलिसन यानें १९५४ मध्यें पूर्व आफ्रिकेंत दाखवून दिला.

या सर्व हकीकतीचें तात्पर्य काय? आमच्या मतें तें असें कीं, ज्यास लोक वंशाचा दोष म्हणतात तो एका विशिष्ट स्थळाचा व काळाचा इतिहास असतो. आफ्रिकी वंशाच्या शंभर अमेरिकनांपैकीं सत्यायशींत हे दोन सदोष रूपभेद एकत्र नाहींतच. इथिओपियासारख्या आफ्रिकेच्या ईशान्येकडील प्रदेशांत ते फार विरळ आहेत. मग ‘कृष्णवर्णी’ या एका शब्दानें डॉक्टरास काय कळणार? त्वचेचा रंग पाहून मूत्रपिंडाचा अंदाज बांधणें म्हणजे पुस्तकाचें वेष्टन पाहून आंतील मजकूर सांगणें होय.

आणि हा केवळ तर्काचा वाद नाहीं. त्यापायीं माणसांचें नुकसान झालें आहे. १९९९ पासून अमेरिकेंत मूत्रपिंडांची कार्यशक्ति रक्तांतील एका द्रव्यावरून काढण्यासाठीं जें समीकरण रूढ झालें, त्यांत रोगी कृष्णवर्णी असल्यास येणाऱ्या अंकास सुमारें १.२ नें गुणीत असत. त्यांचे स्नायु अधिक असतात, असें त्याचें समर्थन होतें. तेथें मूत्रपिंडरोपणाच्या यादींतील प्रतीक्षा मोजली जाते ती कार्यशक्ति २० वर आली म्हणजे. एखाद्या गोऱ्या स्त्रीचा अंक १८ आला तर तिची प्रतीक्षा सुरू होई. तीच रक्ततपासणी कृष्णवर्णी स्त्रीची असली तर अंक २१ च्या पुढें जाई, आणि तिला ‘अजून वेळ आहे’ असें सांगून परत पाठविण्यांत येई. मूत्रपिंडें तितकींच बिघडलेलीं. फरक काय तो कागदावरील एका गुणकाचा. २०२१ मध्यें तेथील मूत्रपिंडविषयक दोन प्रमुख संस्थांच्या समितीनें हा गुणक काढून टाकण्याची शिफारस केली, आणि २०२३ च्या आरंभापासून अशा रोग्यांचा हुकलेला प्रतीक्षाकाळ मोजून परत देण्याचा नियम लागू झाला. मधल्या वर्षांत ज्या वाट पाहतां पाहतां गेल्या, त्यांना मात्र कांहीं परत देतां आलें नाहीं.

कोणी म्हणेल कीं, वंशाचें नांव काढून जनुकाचें घातलें, तर एका शिक्क्याच्या जागीं दुसरा शिक्का आला, एवढेंच. ही शंका निरर्थक नाहीं. दोन्ही सदोष प्रती असलेल्यांपैकीं बहुतेकांचीं मूत्रपिंडें आयुष्यभर ठीक राहतात. तीं बिघडण्यास दुसरें कांहीं निमित्त लागतें. जुळ्या भावंडांचा दाखलाहि हेंच सांगतो. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत एकास ल्युपस झाला तरी दुसऱ्यास तो होण्याचें प्रमाण अमेरिकेंतील एका अभ्यासांत सुमारें एक-चतुर्थांश भरलें. जनुक हें कपाळींचें लिखित नव्हे. शिवाय उशिरां मिळणारें औषध, महागडा उपचार व दारिद्र्य हीं कारणें जनुकाचा शोध लागल्यानें नाहींशीं झालीं नाहींत. पहिल्या पक्षाचें म्हणणें अद्याप उभेंच आहे. तरीहि दोन शिक्क्यांत मोठें अंतर आहे. वंशाच्या शिक्क्यावर औषध नसतें; जनुकाच्या कार्यावर तें शोधतां येतें. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा चांचणींत, दोन्ही सदोष प्रती असलेल्या व गाळण्या खराब झालेल्या रोग्यांस एपोएल-१ चें कार्य रोखणारें औषध तेरा आठवडे देण्यांत आलें, तेव्हां लघवींतून जाणारें प्रथिन सरासरी जवळजवळ निम्म्यानें घटलें. ते रोगी ल्युपसचे नव्हते आणि चांचणी थोड्यांवरच झाली होती; परंतु हें प्रथिन अडविलें तरी माणूस धडधाकट राहूं शकतो, या भरंवशास विदर्भांतील त्या शेतकऱ्याचा दाखला उपयोगी पडला आहे.

आमच्या समाजांतहि ‘त्यांच्या रक्तांतच तें आहे’ हें वाक्य एखाद्या जातीविषयीं, एखाद्या घराण्याविषयीं, विशेषतः लग्न जुळवितांना, मोठ्या सहजपणें उच्चारलें जातें. रक्तांत कांहीं असतें, हें खरें. परंतु तें काय आहे, तें कोठून आलें आणि कोणत्या संकटांतून वांचविण्यासाठीं आलें, हें विचारण्याचे कष्ट आपण घेत नाहीं. ते कष्ट घेतले कीं दोषाच्या जागीं पुष्कळदां पूर्वजांची एखादी जिंकलेली लढाई दिसूं लागते. ज्या तरुण स्त्रीचीं मूत्रपिंडें आज ल्युपसनें पोखरलीं जात आहेत, तिच्या रक्तांतील हाच गुण नसता, तर कदाचित् तिची एखादी पणजी कोणे एके काळीं त्या माशीच्या दंशानें निजली असती ती पुन्हा उठली नसती.